हातात जोर आहे, तरी पेला तोंडाशी नीट पोचत नाही

पत्राचा सारांश: बाबांचं वय ६४. चार महिन्यांपूर्वी त्यांना लहान मेंदूत स्ट्रोक झाला. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘उजव्या सेरिबेलर गोलार्धाचा वरचा भाग’ असं लिहिलं आहे. त्रासही उजव्याच हाताला आहे. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते असं आपण शाळेत शिकलो, मग रिपोर्ट चुकला आहे का? एमआरआय पुन्हा करावा का? डॉक्टरांनी हाताची ताकद तपासली, ती पूर्ण आहे. पण पाण्याचा पेला उचलला की हात हेलकावतो, पाणी सांडतं. दादाचं म्हणणं असं की ताकद असून हात चालत नाही म्हणजे बाबा मनावर घेत नाहीत. तो त्यांना दिवसभर रबरी चेंडू दाबायला लावतो, ‘पटकन उचला’ म्हणून ओरडतो आणि मग हात आणखीच चुकतो. घरची बिलं बाबाच भरायचे, आता त्यात गोंधळतात, चिडतात. लहान मेंदूचं काम फक्त तोल सांभाळणं ना? मग हे काय?

आधी रिपोर्टची शंका मिटवू या. रिपोर्ट बरोबर आहे. शाळेतला नियम मोठ्या मेंदूचा. लहान मेंदूचा उजवा गोलार्ध शरीराची उजवीच बाजू सांभाळतो.

कसं ते पाहा. उजवा हात हलवायचा हुकूम निघतो डाव्या मोठ्या मेंदूतून. त्याच वेळी त्या हुकमाची एक नक्कल खाली ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूला कण्याशी जोडणाऱ्या देठातल्या, पॉन्स नावाच्या भागाकडे जाते आणि तिथून मधली रेषा ओलांडून लहान मेंदूच्या उजव्या गोलार्धात पोचते. तिथे हिशेब होतो. उत्तर गोलार्धाच्या गाभ्यातल्या डेंटेट न्यूक्लियस नावाच्या पेशींच्या पुंजक्यातून बाहेर पडतं, पुन्हा मधली रेषा ओलांडतं आणि थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यामार्गे त्याच डाव्या मोठ्या मेंदूकडे परत येतं. डाव्या मोठ्या मेंदूच्या ताब्यात उजवा हात असतो. रेषा अशी जाता-येता ओलांडली गेल्यामुळे लहान मेंदू आणि हात एकाच बाजूचे राहतात. हात आत्ता कुठे आहे ही खबर पाठीच्या कण्यातून येते, तीसुद्धा मुख्यतः त्याच बाजूच्या गोलार्धाला मिळते. म्हणजे उजवा गोलार्ध दुखावल्यावर डावा हात चुकायला लागला असता, तर ती काळजीची गोष्ट होती. या एका शंकेपायी एमआरआय पुन्हा करायची गरज नाही.

आता दादाची शंका. ‘ताकद आहे, म्हणजे हात चालायलाच हवा’ हे त्याचं गृहीत आहे आणि तुमच्या घरातला अर्धा ताण त्याच्यापायी आहे. हुकूम देणं आणि तो नेमका बसवणं ही दोन निराळी कामं आहेत, मेंदूत त्यांच्या जागाही निराळ्या आहेत. बाबांचं पहिलं काम शाबूत आहे. दुखावलंय ते दुसरं.

पेल्याचंच घ्या. टेबलावरचा पेला तोंडाशी नेताना कोपर वाकतं, खांदा थोडा उचलला जातो, मनगट पेला सरळ ठेवतं. गंमत अशी की हात म्हणजे साखळी आहे. खांदा हलला की कोपराखालचा हात आपोआप झोका घेतो, कोपर वाकलं की मनगटाला हिसका बसतो. हे हिसके येणार हे आधीच ओळखून, ते येण्यापूर्वीच उलट जोर लावून ठेवायचा, हे लहान मेंदूचं काम. हिसका जाणवल्यावर सावरायला गेलं तर उशीर झालेला असतो. नेमकं तेच बाबांचं होतंय. हात पेल्यापाशी जातो तेव्हा थोडा पुढे निघून जातो, ते तो मागे घेतात, तो जास्तच मागे येतो, पुन्हा पुढे नेतात. नेम जवळ येईल तसा हेलकावा वाढतो. मांडीवर स्वस्थ ठेवलेला हात मात्र थरथरत नाही. हा फरक डॉक्टरांसाठीही महत्त्वाचा आहे, कारण पार्किन्सनची थरथर बहुधा उलटी वागते, विसाव्यात जास्त असते.

मग ‘पटकन उचला’ म्हटल्यावर हात जास्त का चुकतो? तीच हालचाल निम्म्या वेळात करायची म्हटली तर सांध्यासांध्यांतले हे हिसके चौपट होतात. ज्याचा अंदाज बांधणारा भागच दुखावलाय, त्याच्यापुढे आपण चौपट अवघड गणित टाकतो. दादाचा हेतू चांगला आहे, पण ‘पटकन’ हा शब्द बाबांसाठी सगळ्यात वाईट आहे.

ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट गॉर्डन होम्स यांनी पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेले सैनिक तपासून १९१७ साली या लक्षणांचं बारकाईने वर्णन केलं. लहान मेंदूच्या उजव्या बाजूला इजा असलेल्या त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की डावा हात नकळत चालतो, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दादाला हे वाचून दाखवा. बाबा मनावर घेत नाहीत असं नाही. आधी जे न मागता व्हायचं, ते आता त्यांना घासाघासाला मनावर घेऊनच करावं लागतं. म्हणून ते लवकर थकतातही.

तरी दादाला पटलं नाही, तर एक साधी तपासणी त्याच्यासमोर करा. बाबांना पाठ टेकून खुर्चीवर बसवा. तुमचं बोट त्यांच्यापुढे, त्यांचा हात जवळपास पूर्ण लांब होईल इतक्या अंतरावर धरा. त्यांनी आधी डाव्या हाताचं बोट स्वतःच्या नाकाला आणि मग तुमच्या बोटाला लावायचं, असं पाच वेळा, सावकाश. मग उजव्या हाताने तसंच. माणूस टाळाटाळ करत असेल तर दोन्ही हातांनी करतो. एक हात नेमका बसतो आणि दुसरा नेम चुकवतो, हे आळसाने होत नाही. त्यानंतर उजवं कोपर टेबलावर टेकवून तेच करायला सांगा. बहुतेक वेळा हात लगेच सुधारतो, कारण साखळीतली एक कडी आपण स्थिर केली. पुढचा सगळा सराव याच गोष्टीवर उभा आहे.

थोडं रचनेबद्दल, म्हणजे रिपोर्टचे शब्द कळतील. लहान मेंदू डोक्याच्या मागे, मानेच्या वर, मोठ्या मेंदूच्या मागच्या भागाखाली असतो. वजन साधारण १५० ग्रॅम, पूर्ण मेंदूच्या जवळपास एक दशांश. पण २००९ साली ब्राझीलच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीनुसार मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या लहानशा भागात असतात. पृष्ठभाग बारीक आडव्या घड्यांचा, ताणून पसरला तर मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या जवळपास ८० टक्के भरेल इतका. मधोमध एक उभी अरुंद पट्टी असते, तिला वर्मिस म्हणतात. धड, मान आणि चालणं मुख्यतः तिच्याकडे. वर्मिसला लागून गोलार्धाचा आतला पट्टा, तो हातापायांची चालू हालचाल दुरुस्त करतो. त्याच्या बाहेरचा, सगळ्यात मोठा भाग हालचाल सुरू होण्याआधीची आखणी आणि वेळ साधणं बघतो. हाताची मुख्य जागा वरच्या बाजूला आहे, म्हणून ‘वरचा भाग’ आणि हाताचा त्रास यांचा मेळ बसतो. जीभ आणि ओठांची जागाही तिथून लांब नाही. बाबांचे शब्द अडखळत, तुटक किंवा अक्षर-अक्षर वेगळं पडल्यासारखे येत असतील तर त्याचं कारणही हेच.

घड्यांच्या आत पुर्किन्ये पेशींची एक रांग असते. एकेका पेशीला दीड-दोन लाख बारीक तंतूंकडून बातम्या मिळतात आणि ‘नेम चुकला’ हे सांगणारा जाड तंतू मात्र एकच येतो. तो वाजला की त्या क्षणी चालू असलेल्या बातम्यांचं वजन बदलतं आणि पुढची हालचाल जराशी वेगळी होते. सायकल, टायपिंग, सुईत दोरा ओवणं, सगळं असंच मुरतं. पुर्किन्ये पेशींचे तंतू मुख्यतः गाभ्यातल्या न्यूक्लियसमध्ये उतरतात आणि गोलार्धाचा निर्णय बाहेर पडायचं दार म्हणजे डेंटेट. म्हणून न्यूरॉलॉजिस्टना पुढच्या भेटीत एक नेमका प्रश्न विचारा: ‘इजा वरच्या घड्यांपुरती आहे, की डेंटेट न्यूक्लियस आणि तिथून निघणाऱ्या वरच्या दांड्यापर्यंत गेली आहे?’ फक्त घड्या दुखावल्या असतील तर शेजारचा भाग पुष्कळ काम उचलतो. दारच दुखावलं असेल तर सुधारणा होते, पण हळू आणि कमी. अपेक्षा किती ठेवायची हे या उत्तरावरून ठरतं. हे आधी माहीत असलं तर घरातली चिडचिडही कमी होते.

आता चेंडू. चेंडू दाबल्याने अपाय नाही, पण बाबांकडे जे आहे तेच त्याने वाढतं. कमी आहे नेमकेपणा. दिवसभराचा तो वेळ आणि दमणूक दुसरीकडे लावा.

सराव दिवसातून दोन-तीन वेळा, १५ ते २० मिनिटं, झोप झालेली असताना. खुर्चीला पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, टेबल कोपराच्या उंचीचं. टेबलावर बाबांपासून २० आणि ३५ सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. पहिली पायरी: हात टेबलावर टेकलेला ठेवूनच खुणेपर्यंत सरकवायचा, तिथे पूर्ण एक सेकंद थांबायचं, परत यायचं. दहा वेळा. दुसरी पायरी: कोपर टेकलेलं, फक्त पुढचा हात उचलून रिकामा पेला तोंडापर्यंत. तिसरी: कोपर उचलून, पण दंड अंगाला चिकटवून. चौथी: पेल्यात एक तृतीयांश पाणी. हळूहळू जास्त. दहापैकी आठ वेळा नीट जमलं की पुढची पायरी घ्यायची, पाचपेक्षा कमी जमलं तर निमूटपणे एक पायरी मागे यायचं. ‘आज जमत नाही पण नेटाने करू’ हा इथे चुकीचा हट्ट, कारण दमलेला हात चुकीची हालचालच घोटवतो.

एका वेळी एकच सांधा हलवायची युक्ती सुरुवातीला फार उपयोगी पडते: आधी खांदा, थांबा, मग कोपर, थांबा, मग मनगट. दिसायला यंत्रासारखं दिसतं, पण हिसके आवरतात. हात निघण्याआधी नजर लक्ष्यावर स्थिर करायला सांगा. आणि चुकल्यावर बोलण्यापेक्षा नीट जमल्यावर लगेच ‘हे बसलं’ असं सांगा. हे केवळ मन राखणं नव्हे. चुकीवरून शिकायची यंत्रणा लहान मेंदूची, ती दुखावलेली असते. यश मिळाल्यावरून शिकायची यंत्रणा बरीचशी दुसरीकडे आहे आणि लहान मेंदूच्या रुग्णांमध्ये ती जास्त टिकून असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

मनगटाला वजनाचा पट्टा बांधावा का, असं अनेक घरांतून विचारलं जातं. काहींचा हेलकावा अशा वजनाने कमी होतो, काहींचा उलट वाढतो, आणि पट्टा काढल्यावर थोडा वेळ हात जास्तच पुढे निघून जातो. ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर करून बघा, घरी परस्पर नको.

सगळं उजव्या हातानेच करायला लावायचं की डाव्यावर सोपवायचं? मधला मार्ग घ्या. गरम पेय, चाकू, दाढी, औषधांच्या गोळ्या मोजणं ही कामं सध्या डाव्या हाताकडे. दार उघडणं, टॉवेल घडी करणं, मोठी बटणं, पानं उलटणं, यात चूक झाली तरी इजा नाही, ती उजव्याकडे. झाकणाचा, दोन कानांचा कप, ताटाखाली न घसरणारी रबरी चटई आणि जाड मुठीचा चमचा घ्या. आपणच भरवून टाकणं झटपट होतं, पण त्यात हाताचा रोजचा शेकडो हालचालींचा सराव जातो.

चालताना बाबा उजवीकडे झुकत असतील. शेजारून चालणाऱ्याने त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहावं. पावलं थोडी फाकवून टाकायची. वळताना एका पायावर गिरकी नको, चार-पाच छोट्या पावलांत रुंद वळायचं. चालताना बोलायला लावू नका, बोलायचं असेल तर थांबून बोला. एका टोकाची साधी काठी आधार वाटते, पण कित्येकदा तीच नेमाने टेकवायचं एक जास्तीचं काम होऊन बसते. काठी की वॉकर, हे फिजिओथेरपिस्टने चालवून बघून ठरवावं.

पाणी पिताना ठसका लागतो का, याकडे लक्ष ठेवा. लागत असेल किंवा पिऊन झाल्यावर आवाज ओलसर घोगरा येत असेल, तर गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या आणि तोपर्यंत घोट लहान, मान किंचित खाली ठेवून.

आता बिलांचा गोंधळ. लहान मेंदू फक्त तोलाचा, ही समजूत बरीच वर्षं वैद्यकातही होती. पण गोलार्धाच्या मागच्या-बाहेरच्या भागाची, विशेषतः क्रस १ आणि क्रस २ नावाच्या घड्यांची, कपाळामागच्या विचार करणाऱ्या भागाशी ये-जा आहे. १९९८ साली श्माहमन आणि शर्मन या अमेरिकेतल्या संशोधकांनी लहान मेंदूच्या रुग्णांमध्ये आखणी करणं, शब्द सुचणं, जागेचा अंदाज आणि भावनांचा आवर ढळतो, असं एकत्रित चित्र मांडलं. हाताचा नेम चुकतो तसा विचाराचाही चुकतो, असं म्हणा हवं तर: हिशेब येतो, पण पायऱ्यांचा क्रम आणि वेग जुळत नाही. उजव्या गोलार्धाचा संबंध भाषेशी जास्त येतो, कारण तो डाव्या मोठ्या मेंदूशी जोडलेला आहे.

याची तपासणी वेगळी मागून घ्या. स्मृतिभ्रंशासाठीच्या नेहमीच्या छोट्या चाचण्यांत हे निसटू शकतं. २०१८ साली यासाठी खास मोजपट्टी तयार झाली आहे. उदासीचीही चौकशी होऊ द्या, स्ट्रोकनंतर ती अनेकांना येते आणि तिच्यावर उपचार आहेत. घरी बिलांची जबाबदारी काढून घेऊ नका, तिचे तुकडे करा. एका बैठकीला एकच बिल. पायऱ्या कागदावर लिहिलेल्या: रक्कम वाचणं, तारीख वाचणं, भरणं, खूण करणं. टीव्ही बंद. शेवटी दुसऱ्या कुणीतरी रक्कम ताडून बघायची. चिडले तर तिथेच थांबायचं.

ज्यांच्या घरी स्ट्रोक नाही पण अशीच लक्षणं आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. त्रास दोन्ही बाजूंना सारखा असेल आणि महिन्यांत हळूहळू वाढत असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं: दारू, काही जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉइड, आनुवंशिक आजार. फेनिटॉइन किंवा लिथियमसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढलं तरी असाच झोक जातो, म्हणून औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा, पण स्वतःहून काही बंद करू नका. हळूहळू वाढणाऱ्या अटॅक्सियातही, म्हणजे हालचालींचा मेळ बिघडण्याच्या अशा त्रासातही, काही आठवड्यांचा जोरकस समन्वयाचा सराव उपयोगी पडतो.

एमआरआय पुन्हा कधी लागेल, तेही सांगते. अचानक जोराची डोकेदुखी आणि उलट्या, दोन-दोन दिसणं, उभंच राहता न येणं, नव्याने बोबडी वळणं, गुंगी येणं, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. लहान मेंदूजवळ जागा अरुंद असते, सूज आली तर ब्रेनस्टेमवर दाब येतो आणि मेंदूतला द्रव वाहून जायची वाट बंद होते. ताज्या स्ट्रोकच्या सुरुवातीच्या तासांत या भागातला बिघाड सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. ‘सीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर परत पाठवलं आणि लक्षणं तशीच असली तर एमआरआयबद्दल स्पष्ट विचारा.

सुधारणा स्ट्रोकनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, पण चार महिन्यांवर ती थांबत नाही, फक्त डोळ्यांना दिसेनाशी होते. म्हणून मोजा. दर १५ दिवसांनी, त्याच खुर्चीत, सकाळी एकाच वेळेला तीन छोटे व्हिडिओ घ्या: दोन्ही हातांनी नाकाला बोट लावणं, मांडीवर तळहात सुलटा-उलटा करणं दहा सेकंदांत किती वेळा होतं ते, आणि एक तृतीयांश भरलेला पेला तोंडाशी नेणं. मोबाइल धरायचं काम दादाकडे द्या. दोन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ बाबांसोबत बसून शेजारी-शेजारी लावून बघा, आणि न्यूरॉलॉजिस्टच्या पुढच्या भेटीला तेच घेऊन जा.